तीन सिलिंडरची थरथर

गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा तक्रार घेऊन गेले, तेव्हा मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल देऊन टाकला. "मॅडम, तीन सिलिंडरची गाडी आहे. थरथरणारच."

असा कुणी न बघता निकाल दिला की माझं डोकं फिरतं. बत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. आधी बघा, मग बोला, हे सांगता सांगता घसा बसला. पोरांनी ऐकलं नाही ते नाहीच, आणि आता हा चाळिशीतला बाप्याही ऐकायला तयार नव्हता. मी म्हटलं, "अहो, गाडी थरथरते हे मला सात वर्षं माहीत आहे. आता जास्त थरथरते. फरक कळतो का?"

तो हसला. वाशीमकडचा माणूस, बोलणं कमी. "पाहतो ना, मॅडम," म्हणाला आणि हातातलं काम संपवायला निघून गेला.

ही गाडी मी निवृत्त झाल्यावर घेतली. छोटीशी, पेट्रोलवरची. सदाशिव पेठेत गाडी घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाने मला स्वतंत्रपणे सांगितलं. इमारतीला पार्किंग नाही. गाडी रस्त्यावर लावायची, सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला. म्हणजे रोज सकाळी सातला खाली उतरायचं आणि गाडी पंधरा-वीस फूट पलीकडे नेऊन ठेवायची. खालच्या मजल्यावरचे काका एकदा गॅलरीतून म्हणाले, "बाई, एवढा प्रवास तर पायीही झाला असता." मी म्हटलं, "झाला असता की, पण गाडी इकडेच राहिली असती." त्यावर ते आत गेले. त्या दिवशीचं माझं दुसऱ्या माणसाशी झालेलं बोलणं तेवढंच.

खरं सांगायचं तर गाडी घेतली ती गुरुवारसाठी. मी लग्न केलं नाही. आई-वडील जाऊन जमाना झाला. सहा वर्षांनी मोठी असलेली ताई तेवढी उरली आहे, आणि ती मुलाकडे, हडपसरच्या पुढे मांजरी गावाला, नव्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. मुलगा-सून दोघंही खराडीला नोकरीला. ताईचे दोन्ही गुडघे गेलेत. तिला रिक्षात चढता येत नाही, बसचं तर नावच नको. पण माझ्या गाडीची सीट पूर्ण मागे सरकवली की ती आधी बसते, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेते, आणि "चल गं" म्हणते.

दर गुरुवारी मी दहाला निघायचे. टिळक रस्ता, स्वारगेट, सोलापूर रस्ता, हडपसर, मांजरी. ताईला खाली बोलवायचं आणि थेऊरच्या रस्त्याला लागायचं. उसाच्या कडेला जागा बघून गाडी उभी करायची. माझ्या डब्यात कधी दडपे पोहे, कधी सांज्याच्या पोळ्या. ताई प्रत्येक पदार्थाला नावं ठेवायची आणि डबा पुसून खायची. दोन तास नुसत्या गप्पा. चारच्या आत तिला परत सोडायचं.

आठवड्यातला हा एक दिवस मी माणसांत असे. बाकी सहा दिवस घर, वर्तमानपत्र, भाजी आणि रेडिओ. गाडी होती म्हणून मी कुणाकडे तरी जाऊ शकत होते. माझ्याकडे कोण येणार? दोन जिने चढून यायला ताईला गुडघे नाहीत आणि भाच्याला वेळ नाही. गाडी गेली की गुरुवार गेला, एवढा साधा हिशोब होता. म्हणून गाडीला जरा कुठे खुट्ट झालं तरी मला आधी गुरुवार आठवायचा.

थरथर वाढल्याचं मला पहिल्यांदा स्वारगेटच्या सिग्नलला जाणवलं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. गाडी न्यूट्रलला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि डाव्या हाताला बारीक, एकसारखी थरथर. सिग्नल सुटला, गाडी निघाली, की थरथर गायब. फातिमानगरच्या सिग्नलला पुन्हा. मी मनाशी नोंद केली: गाडी उभी असताना होते, चालू लागली की थांबते, डावीकडे जास्त. निरीक्षण अगदी चोख होतं हो. आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही.

तीन सिलिंडरचं कारण मला माहीत होतं, नाही असं नाही. चार सिलिंडर असले की दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात आणि एकाचा धक्का दुसऱ्यात जिरतो. तिनात तशी जोडी लागत नाही. इंजिनाचं एक टोक उचललं जातं तेव्हा दुसरं दाबलं जातं, आणि ही ओढाताण सतत चालू. वेगात असताना कळत नाही, गाडी जागेवर उभी राहिली की जाणवते. म्हणून इंजिनाखाली रबराची माउंटिंग असतात, बरीचशी थरथर ती गिळून टाकतात. तेव्हा थरथर वाढली याचा अर्थ डावीकडचं माउंटिंग गेलं, असं माझं निदान तयार होतं.

गॅरेजला पहिल्यांदा जाऊन आल्यावरच्या गुरुवारी मी ताईला विचारलं, "तुला जाणवते का गं थरथर?"

"छे. मला काही नाही जाणवत."

"तुला काय जाणवणार? मागे रेलून बसतेस महाराणीसारखी. स्टिअरिंग माझ्या हातात असतं."

"बरं बाई, थरथरते," ताई म्हणाली. ती अशी ताबडतोब हार मानते तेव्हा माझा आणखी संताप होतो. मग मी तिला मेकॅनिकची नक्कल करून दाखवली, त्याच्या त्या ठेक्यात. "तीन सिलिंडरची आहे. थरथरणारच." ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढच्या दीड-दोन महिन्यांत मी त्या गॅरेजच्या इतक्या चकरा मारल्या की त्याच्या दारातलं कुत्रं माझ्यावर भुंकायचं बंद झालं. आधी प्लग बदलले. मग त्याने कसलीशी नळी साफ केली. मग मी हट्टाने डावीकडचं माउंटिंग बदलायला लावलं. त्याने जुनं रबर काढून माझ्या हातात ठेवलं. "बघा मॅडम, चांगलं आहे. काहून बदलता?" मी म्हटलं, "माझी गाडी आहे, म्हणून बदलते." नवीन माउंटिंग बसलं. थरथर होती तिथेच.

वर त्यात एक किटकिट सुरू झाली. सिग्नलला उभं राहिलं की डॅशबोर्डमधून कुठूनतरी बारीक किट-किट-किट. मी त्याला सांगितलं, आत कुठलातरी स्क्रू सैल झालाय. त्याने बिचाऱ्याने अर्धा डॅशबोर्ड उघडला, सगळे स्क्रू आवळले, स्वतः सीटवर बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं.

"काहीच नाही, मॅडम. ना थरथर, ना आवाज."

"तुमच्या हातांना घट्टे पडलेत. तुम्हाला काय कळणार?"

हे मी त्याच्या हाताखालच्या पोरांसमोर म्हटलं. त्याने तळहात फडक्याला पुसले. या एका वाक्याची लाज मला आजही वाटते.

घरीही काही गोष्टी होत होत्या, पण प्रत्येकीचं कारण माझ्याकडे तयार असायचं. वर्तमानपत्राचं डावं पान फडफडायचं, तर तो पंख्याचा वारा. मी पंखा कमी करायचे. बशी वाजायची, तर बशीच वेडीवाकडी. मी ती जिना झाडणाऱ्या बाईला देऊन टाकली आणि नवीन आणली. एकट्या माणसाचं हे असं असतं. घरात दुसरं कुणी असतं तर एखाद्या सकाळी चहा पिता पिता म्हणालं असतं, "अगं, हे तुझ्या हाताला काय होतंय?" एवढंच वाक्य लागत होतं. ते म्हणायला घरात माणूसच नव्हतं.

शेवटी जानेवारीत एका सकाळी मी पुन्हा गॅरेजमध्ये गेले आणि गाडी दारात आडवी लावली. म्हटलं, आज काय तो सोक्षमोक्ष. मेकॅनिक बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. "चला मॅडम. तुम्हीच चालवा, मी पाहतो."

आम्ही अलका चौकापर्यंत गेलो. सिग्नल लाल होता. थरथर सुरू झाली, किटकिटही सुरू झाली. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे वळले. "आता? आता जाणवतंय का?"

तो डॅशबोर्डकडे बघत नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता. "चला परत," म्हणाला.

गॅरेजसमोर मी गाडी लावली. तो म्हणाला, "बंद करा, मॅडम."

मी किल्ली फिरवली.

"आता हात होते तसेच ठेवा स्टिअरिंगवर. ढिले सोडा."

इंजिन बंद. रस्त्यावर त्या वेळी फारशी वर्दळही नव्हती. आणि त्या शांततेत किट-किट-किट. माझ्या डाव्या मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ असतं, नोकरी लागली तेव्हापासूनचं, आता मनगट बारीक झाल्यामुळे सैल झालेलं. त्या पट्ट्याची कडी स्टिअरिंगवर आपटत होती. गाडी ठार बंद होती आणि माझा डावा हात तिच्यावर थरथरत होता.

मी तो उचलला. थरथर थांबली. मांडीवर ठेवला. क्षणभर गेला, आणि पुन्हा सुरू.

हात हलताना मला आधी दिसला नव्हता का? दिसला होता. रोज दिसत होता. पण स्टिअरिंग हाताला हलवतंय असंच मी बघत होते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, हे मी हजारो पोरांकडून घोकून घेतलं. आणि दोन महिने मला किल्ली फिरवून बघायची बुद्धी झाली नाही! बंद गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून कोण बसतं, हे खरं. पण ही सबब मी माझ्या वर्गात चालवून घेतली नसती.

मेकॅनिक समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. मग हळूच म्हणाला, "माह्या बाबाचंही असंच सुरू झालं होतं, मॅडम. बसले की हात हलायचा, काम करायला घेतलं की नाही हलायचा. डॉक्टरला दाखवा."

"मी गाडी दाखवायला आले होते," मी म्हटलं. माझा आवाज शाळेत चढायचा तसा चढला होता. "गाडी!"

"गाडी चांगली आहे, मॅडम," तो म्हणाला.

आजाराची भीती मला त्या वेळी वाटली नाही. मला भीती वाटली ती गुरुवारची. मी तिथेच, त्या ग्रीसच्या वासात, परक्या माणसाशेजारी बसून रडले. तो उतरला नाही, समजूतही घातली नाही. थोड्या वेळाने फक्त म्हणाला, "पाणी आणू?"

डॉक्टर आमच्याच पेठेतल्या. तरुण बाई, बोलायला गोड. त्यांनी मला बोटं एकमेकांवर आपटायला लावली, चालायला लावलं, खांद्याला मागून खेचून बघितलं. उजवा हात भराभर चालला, डावा मागे पडला; पाय मात्र दोन्ही संथ उचलले जात होते. "कंपवात," त्या म्हणाल्या. गोळ्या आहेत, पुष्कळ वर्षं चांगलं राहता येतं, घाबरायचं कारण नाही. मी विचारलं, "गाडी?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुण्याच्या रस्त्यावर चालवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ब्रेकवर पाय पोचायला आता वेळ लागतोय तुम्हाला. तुमच्याबरोबर गाडीत आणखी कुणी असतं का?"

मी म्हटलं, "नाही." का म्हटलं, कुणास ठाऊक.

त्या बुधवारी मी ताईला फोन केला की गाडी गॅरेजला आहे, उद्या जमत नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी म्हटलं, पार्ट मिळत नाहीये. ताई "बरं" म्हणाली, आणखी काही विचारलं नाही. त्या दोन गुरुवारी मी काय केलं? सवयीने डबा केला आणि एकटीने खाल्ला. सांज्याच्या पोळीला नावं ठेवायलाही कुणी नव्हतं. रोज सकाळी सातला मात्र मी खाली जात होते आणि गाडी या बाजूकडून त्या बाजूला नेत होते. तिथे इंजिन चालू ठेवून पाच-दहा मिनिटं नुसती बसायचे. खोटं कशाला बोलू, इंजिन चालू असलं की बरं वाटायचं. तेवढा वेळ हात माझा नसायचा, गाडीचा असायचा.

पण डॉक्टरांचा प्रश्न डोक्यातून जाईना. बरोबर कुणी असतं का? असते ना. सीट मागे सरकवून, पाय हाताने उचलून आत घेऊन माझी बहीण बसते. आणि मला काय सुचत होतं, माहितेय? गोळ्या लागू पडल्या तर सांगायची गरजच काय, चालवू हळूहळू! असा विचार मी तीन दिवस केला. चौथ्या दिवशी सकाळी गाडी पलीकडे नेताना दुधाची सायकल मध्ये आली आणि माझा पाय ब्रेकवर उशिरा पोचला. लागलं कुणाला नाही. दूधवाल्याने वळून बघितलंसुद्धा नाही. मी गाडी लावली, वर गेले आणि मेकॅनिकला फोन केला.

"गुरुवारी तुम्हाला वेळ आहे का? गाडी मांजरीला सोडायची आहे. आणि त्या घट्ट्यांबद्दल मी जे बोलले..."

"ते जाऊ द्या, मॅडम. किती वाजता येऊ?"

त्या गुरुवारी माझ्याच गाडीत मी पहिल्यांदा डाव्या सीटवर बसले. हात पर्सखाली दाबून धरला होता. स्वारगेटला गाडी थांबली तेव्हा मी मुद्दाम लक्ष दिलं. थरथर होती. अगदी बारीक, पायांच्या तळव्यांना कळेल न कळेल अशी, सात वर्षं होती तेवढीच. गाडीने माझं काहीही वाकडं केलेलं नव्हतं.

ताईच्या टॉवरच्या मागे उघडं पार्किंग आहे, कंपाउंडच्या पलीकडे ऊस. मेकॅनिकने गाडी भाच्याच्या दुसऱ्या जागेवर लावली. "आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं सुरू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल," म्हणाला, किल्ली माझ्या हातात दिली आणि बसस्टॉप विचारत निघून गेला. मी स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. ताई काठी टेकत आली, आधी बसली, मग एकेक पाय आत घेतला.

"चल गं," म्हणाली.

मी किल्ली फिरवली नाही. डावा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि ढिला सोडला. "बघ," म्हटलं.

तिने बघितलं. मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर, कंपवात, ब्रेक, दुधाची सायकल, पार्ट मिळत नसल्याची थाप. एका दमात सांगून टाकलं आणि वाट बघत बसले, आता ही रडणार, नाहीतर माझ्यावर ओरडणार.

ताईने मान उसाकडे वळवली. मग म्हणाली, "मग गुरुवारचं काय?"

मला असा राग आला म्हणून सांगू! मी म्हटलं, "मी आजारी पडलेय, ताई. आणि तुला तुझ्या फिरण्याची पडलीय?"

"फिरायला कोण मेलं येतंय," ताई म्हणाली. आता तिचा आवाज फाटला होता. "सकाळी नऊला ही दोघं बाहेर पडतात. त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलते ती एकटी लिफ्ट. दार बंद होत आहे म्हणते, अकरावा मजला म्हणते. तेवढं ऐकायला मी मुद्दाम खाली-वर करते, माहितेय तुला? मागचे दोन गुरुवार मी इथे खाली खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, पार्ट मिळाला तर येईलही."

सात वर्षं मी समजत होते की एकटी मी आहे, आणि भरल्या घरातली ताई माझ्यावर दया करून गुरुवार काढते. आम्ही दोघी रडलो. मग तिने डबा उघडला, पोह्यांत मीठ कमी आहे म्हणाली.

तेव्हापासून गाडी तिथेच असते. मी स्वारगेटहून बसने जाते, बरीच लांबची पडते, कधी उभ्याने जावं लागतं. थेऊरचा रस्ता संपला. आम्ही दोघी उभ्या गाडीत बसतो, पुढच्या दोन सीटवर, समोर कंपाउंड आणि पलीकडे ऊस. डबा खातो, आणि निघायच्या आधी पंधरा मिनिटं मी इंजिन सुरू करते, बॅटरीसाठी. ताईच्या सोसायटीतली माणसं बघत असतात. बघेनात का. सकाळी सातला माझ्याकडे आता काही काम नसतं. जाग मात्र येते. मग मी गॅलरीत उभी राहते आणि माझ्या जागेवर आज कुणी गाडी लावलीय ते बघते.

गेल्या गुरुवारी बस उशिरा पोचली. ताई आधीच खाली येऊन उभी होती. मी दार उघडलं, तिला बसवलं, माझ्या बाजूने जाऊन बसले, आणि सवयीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. डावा सुरू झाला. किट-किट-किट. मी तो झटकन मांडीखाली घ्यायला गेले, तर ताईने वरून आपला हात ठेवला आणि तिथेच दाबून धरला.

"असू दे," ती म्हणाली. "तीन सिलिंडरची आहे. थरथरणारच."

मी अजून किल्ली लावलीही नव्हती.